कापडापासून सुरुवात करा: स्वतःचा पेहराव शोधणाऱ्या नवख्यांसाठी

डिसेंबर 1927 मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर कपड्यांविषयी बोलले. आखूड लुगडं नेसणं, गळ्यात गळसऱ्यांची रास आणि हातात कोपरापर्यंत दागिने घालणं या जातीच्या खुणा आहेत, त्या टाकून द्या, असं त्यांनी सांगितलं. स्त्रियांनी ते मनावर घेतलं आणि लगेच लुगडं नेसायची पद्धत बदलली. त्याआधी 1888 साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ मेजवानी झाली. तिथे जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि खरा हिंदुस्थान खेड्यात आहे हे जमलेल्या बड्या मंडळींना सुनावून आले. अंगावर काय घालायचं हे स्वतः ठरवण्यात किती ताकद असते, हे आपल्याकडच्या माणसांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

तुमचा प्रश्न कदाचित एवढा मोठा नसेल. नवी नोकरी लागली आहे, हातात पहिल्यांदा स्वतःचे पैसे आहेत आणि आजवर आई आणेल ते किंवा भावाबहिणीचं उरलेलं घातलं आहे. किंवा चाळिशी उलटली आहे आणि आता कुणाला विचारायचं नाही असं वाटू लागलं आहे. कपड्यांतून मी दिसावं, निदान मला तरी ओळखू यावं, ही इच्छा अगदी रास्त आहे. तिला थिल्लर समजू नका.

बहुतेक जण फोटोपासून सुरुवात करतात. मोबाइलवर कुणाचा तरी पेहराव बघतात, तसाच मागवतात, घालून बघतात आणि कपाटाच्या तळाशी टाकतात. त्या फोटोतलं अंग, उजेड, हवा, यातलं काहीच आपलं नसतं. माझं सांगणं उलटं आहे: आधी कापड ओळखा, मग शिवण, आणि रंग-दागिने त्यानंतर. कापड दिवसभर आपल्या कातडीला लागून असतं. ते आवडलं नाही तर वरचं कुठलंच सोंग टिकत नाही.

पायरी पहिली: कपाट उघडा, पण काही फेकू नका

नव्याने सुरुवात म्हणजे जुनं सगळं वाटून टाकणं, असा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. सगळे कपडे पलंगावर काढा आणि जे तुम्ही न सांगता, न ठरवता पुन्हा पुन्हा घालता ते बाजूला करा. धुऊन वाळलं की परत अंगावर चढणारे असे चारदोन कपडे प्रत्येकाकडे असतात. आता त्यांच्यात सारखं काय आहे ते शोधा. गळा बंद आहे की खोल? बाही कोपरापर्यंत आहे का? कापड सुळसुळीत आहे की जरा खरखरीत? लांबी कुठे संपते? हे एका कागदावर लिहा. पुढे शिंप्याकडे जाताना हाच कागद उपयोगी पडणार आहे.

न घातलेल्या कपड्यांनाही एकच प्रश्न विचारा: का नाही? "काखेत टोचतं", "पोट दिसतं", "इस्त्री करायचा कंटाळा", "कुणीतरी हसलं होतं". ही उत्तरं खरी द्या. पहिली तीन शिवणीची आणि कापडाची आहेत, सुटण्यासारखी. चौथ्याकडे आपण शेवटी येऊ.

पायरी दुसरी: बोटांना शिकवा

यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. दुकानात जा, काही विकत घेऊ नका, नुसती कापडं हाताळा. मुंबईत असाल तर क्रॉफर्ड मार्केटजवळचं मंगलदास मार्केट आहे; पुण्यात लक्ष्मी रोड आणि तुळशीबागेच्या आसपासच्या गल्ल्या आहेत; नागपुरात सीताबर्डी. गर्दीच्या वेळा टाळा, दुपारी जा. मोकळा असलेला दुकानदार स्वतःहून ताग्यामागून तागा उलगडून दाखवतो आणि त्याच्याकडून जे शिकायला मिळतं ते कुठल्या व्हिडिओत नसतं.

कापड मुठीत घट्ट धरा आणि सोडा. सुती कापडाला चुण्या राहतात, पॉलिस्टर लगेच सरळ होतं. उजेडासमोर धरा, विणीत किती फटी आहेत ते दिसेल. पन्हा विचारा, म्हणजे कापडाची रुंदी. गिरणीच्या कापडाचा पन्हा बहुधा 44 इंच किंवा त्याहून मोठा असतो, हातमागाचा कमी असू शकतो, आणि किती मीटर घ्यायचं ते त्यावरच ठरतं. शंका असेल तर काठाजवळचे दोन धागे मागून घ्या आणि घरी चिमट्यात धरून जाळून बघा. सुताला जळलेल्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख उरते. रेशमाला जळलेल्या केसांचा वास येतो आणि राख बोटांनी चुरडली जाते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याची कडक गोळी होते. हे काम खिडकीपाशी, पाण्याचं भांडं जवळ ठेवून करा.

हातमागाचं घ्यायचं असेल तर आणखी दोन-तीन गोष्टी माहीत हव्यात. अस्सल येवल्याच्या किंवा पैठणच्या पैठणीचा पदर उलटा करून बघा. मोर, मुनिया, असावली, जी काही नक्षी असेल ती मागूनही जवळजवळ तशीच दिसते, धागे लोंबत नाहीत, कारण प्रत्येक रंगाचा धागा त्या नक्षीपुरताच हाताने फिरवलेला असतो. इरकलीत पदराचा ताणा, म्हणजे लांबीचे उभे धागे, वेगळा आणि अंगाचा ताणा वेगळा असतो. दोन्ही धागे एकमेकांत अडकवून जोडतात. त्यामुळे तांबड्या पदराची सुरुवात होते तिथे बोट फिरवलं की तो सांधा हाताला लागतो. विदर्भातल्या करवती साडीचा काठ करवतीच्या दात्यांसारखा असतो आणि अंग टसरचं, म्हणजे रानरेशमाचं, थोडं खडबडीत, मधाळ रंगाचं. हे एकदा हाताला कळलं की नकली माल लांबून ओळखू येतो. खात्रीसाठी शिक्केही आहेत: हातमागाच्या कापडावर हँडलूम मार्क, शुद्ध रेशमावर सिल्क मार्क. पण आधी हात, मग शिक्का.

हवामान विसरू नका. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत पातळ मलमल किंवा सैल विणीची खादी सुटसुटीत वाटते, जाड रेशमी अस्तर अंगाला चिकटतं. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उन्हात उलट पूर्ण बाह्यांचा सैल सुती कपडा बिनबाह्यांच्या कपड्यापेक्षा थंड ठेवतो. जो पेहराव घालून तुम्ही दिवसभर घामाघूम होता, त्यातून तुमचा स्वभाव दिसणार नाही, त्रासच दिसेल.

पायरी तिसरी: एकच कापड निवडा

सगळंच एकदम आवडायला लागतं. थांबा. एक कापड घ्या आणि त्यावर काही महिने रमा. उदाहरण म्हणून मी खण घेते, कारण तो घराघरात आहे, थोडासाच लागतो आणि नवख्या माणसाला बरंच शिकवतो.

खणाचं गाव बागलकोट जिल्ह्यातलं गुळेदगुड्ड. तिथे विणलेला खण पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्रात चोळीसाठी आला, ओटीत नारळासोबत पडला आणि कित्येक घरांत तसाच ट्रंकेत राहिला. आजीच्या किंवा आत्याच्या ट्रंकेतून विचारून बघा. बाजारात आज खणाच्या नावाने साड्या, पर्स, पडदे, तोरणं सगळं मिळतं. त्यातलं पुष्कळसं यंत्रमागावरचं आणि कृत्रिम धाग्याचं असतं. ते वाईट म्हणून नव्हे, पण पैसे देताना आपण काय घेतोय हे माहीत असावं. हातमागाचा पारंपरिक खण अरुंद, साधारण 30-32 इंच पन्ह्याचा असतो. 44 इंची कापडाच्या हिशोबाने ब्लाउजपीस मागितलात तर बाह्या कमी पडतील. दुकानातच पन्हा मोजा आणि शिंप्याला फोनवर विचारून मगच कापड फाडायला सांगा.

खणाची छोटी बुट्टी ओळीने चालते आणि तिला वर-खाली दिशा असते. त्यामुळे जितके कमी तुकडे, तितकी नक्षी अखंड. खणाला प्रिन्सेस कट मला मुळीच पटत नाही. छातीवरून जाणारी उभी शिवण ओळी तोडून टाकते. साधा टक्सचा, म्हणजे चुणी घालून आकार दिलेला ब्लाउज, बाहीच्या कडेला काठ, मागे हवी तर नाडी, एवढ्यात खण छान दिसतो. उसवू नये म्हणून आतून सुती अस्तर आणि सगळ्या कडांना इंटरलॉक, म्हणजे धागे सुटू न देणारी कडेची मशीन-शिवण, हवंच. साडी नेसत नसाल तर हाच ब्लाउज लांब सुती स्कर्टवर किंवा जीन्सवर चालतो. पुरुषांसाठी खणाची बंडी, पांढऱ्या किंवा कोऱ्या खादीच्या कुर्त्यावर. गडद निळा किंवा काळपट जांभळा खण घ्या, लग्नातल्या वाजंत्र्यांचा गणवेश वाटणार नाही.

खण नको असेल तर दुसरं काहीही घ्या. नारायणपेठची चौकड, महेश्वरी, गोव्यातल्या कुणबी साडीची तांबडी-पांढरी चौकड. ही तांबडी चौकड वेंडेल रॉड्रिक्स या गोव्याच्या डिझायनरने पुन्हा लोकांपुढे आणली आणि आता तिचे ड्रेस-शर्टही शिवले जातात. मात्र चौकडीचं कापड थोडं जास्त घ्या. बाजूच्या शिवणीवर रेघेला रेघ जुळवायची तर कापड वाया जातं आणि न जुळवलेली चौकड महागड्या कापडालाही स्वस्त करते.

पायरी चौथी: शिंपी

स्वतःच्या पेहरावाचा खरा भागीदार शिंपी. पंधरा दुकानांत पंधरा कपडे शिवू नका, एक शिंपी धरा. पहिल्या भेटीत भारी कापड देऊ नका. साध्या सुती कापडाचा एक कुर्ता किंवा ब्लाउज शिवून घ्या आणि त्यावर त्याची-तुमची भाषा जुळू द्या. सुती कापड देण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून द्या, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आकसेल आणि दोष शिंप्यावर जाईल. रेशमी, जरीचं कापड मात्र भिजवू नका.

मापं द्यायला जाताना ज्या अंतर्वस्त्रांवर तो कपडा घालणार तीच घालून जा. मापाचा कपडा म्हणून पहिल्या पायरीत बाजूला काढलेला तुमचा लाडका कपडा न्या आणि "हा छान बसतो, फक्त गळा बोटभर वर घ्या" असं नेमकं सांगा. "फिटिंग चांगलं करा" या वाक्यातून शिंप्याला काहीही कळत नाही. ढिलाई ठरवून सांगा: ब्लाउजला छातीत इंचभर पुरते, कुर्त्याला तीन-चार इंच तरी हवी. मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काखेभोवतीचा भाग, घट्ट नको असेल तर हात वर करून, पुढे घेऊन दाखवा. बसने जाणाऱ्याचा हात वरचा दांडा धरतो, दुचाकीवाल्याचा पुढे ताणलेला असतो, आणि नेमकी तिथेच शिवण उसवते. शिलाईत आत मार्जिन ठेवायला सांगा म्हणजे पुढे सैल करता येईल. खिसा हवा असेल तर आग्रहाने मागा. बायकांच्या कुर्त्याला खिसा नको असं कोण ठरवतं, मला कधी कळलं नाही.

ट्रायलला आरशासमोर नुसतं उभं राहू नका. खाली बसा, वाका, चप्पल घालायला पाय उचला. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर बसली की बाकीचं बरंच आपोआप बसतं. ती खाली ओघळली असेल तर तिथेच सांगा. आणि गणपती-दिवाळीच्या तोंडावर जाऊ नका. तेव्हा प्रत्येक शिंप्याकडे ढीग असतो आणि नवख्याचं नाजूक काम त्यात दबून जातं.

अंगाविषयीही इथेच बोलते. शिंप्याच्या टेपवर जो आकडा येतो तो कापडासाठी असतो, तुमच्यावर शेरा नसतो. "थोडं बारीक झाले की शिवू" म्हणून कापड ठेवून देऊ नका. आजच्या अंगाचं माप घ्या.

पायरी पाचवी: रंग आणि एक ठसठशीत गोष्ट

रंगाबद्दल फार लिहीत नाही. सावळ्या रंगाला फिकटच शोभतं वगैरे नियम सोडून द्या. सावळ्या अंगावर हळदी, डाळिंबी, मोरपंखी फार देखणे दिसतात. कापड हनुवटीखाली धरून दिवसाच्या उजेडात बघा, दुकानातल्या दिव्याखाली नव्हे. दाराबाहेर जायची परवानगी मागा, चांगला दुकानदार देतो.

दागिन्यांत सुरुवातीला एकच ठसठशीत गोष्ट घाला. ठुशी असेल तर कान हलके ठेवा. बुगडी असेल तर गळा मोकळा. नथ आवडते पण नाक टोचलेलं नाही तर चापाची घ्या, आणि सणाची वाट न बघता एखाद्या साध्या सुती साडीवर घालून बघा. चांदी आवडत असेल तर कोल्हापूरजवळच्या हुपरीत चांदीचं मोठं काम चालतं. मुलांनो, भिकबाळी ही पुरुषांच्याच कानातली होती, पेशवाईपासून; आज पुण्यात कितीतरी तरुण ती शर्टावर घालतात आणि छान दिसतात. बाईने बंडी घालावी, पुरुषाने डाळिंबी रंगाची शाल घ्यावी, कानात मोती घालावा. आपल्या मनात जे आहे ते या भागातल्या कुठल्यातरी जुन्या कपड्यात सापडतंच.

पायात कोल्हापुरी घ्यायची असेल तर 2019 साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तेही महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. नवी चप्पल चावते. पहिले काही दिवस घरातच घाला, पट्ट्याला आतून थोडं खोबरेल तेल चोळा. पावसात अजिबात नको. भिजलीच तर सावलीत वाळवा, उन्हात ठेवलीत तर चामडं तडकेल.

पायरी सहावी: लोक

कुणीतरी बोलेलच. ऑफिसात कुणी "आज काही कार्यक्रम आहे का?" विचारेल, घरी मावशी म्हणेल "हे काय गं घातलंयस!" पहिल्या वेळी नवा पेहराव अशा ठिकाणी घाला जिथे तुम्हाला फार कुणी ओळखत नाही: नाट्यगृह, चित्रप्रदर्शन, रविवारची भाजी मंडई. मग मित्रमंडळींत, मग ऑफिसात. तीनदा घातलेला कपडा अंगाचा होतो आणि तेव्हा आपली मानही सरळ राहते. विचारणाऱ्याला खरं उत्तर द्या, "मला आवडलं म्हणून." त्यावर वाद घालायला फार कमी लोक पुढे येतात. गंमत म्हणजे हिणवणाऱ्यांपैकी एखादी हळूच येऊन शिंप्याचा नंबर मागते.

परदेशात राहणाऱ्यांना हा प्रश्न वेगळ्या बाजूने पडतो. तिथे आपला पेहराव फक्त गणेशोत्सवापुरता उरतो. फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयातला 1885 सालचा एक फोटो त्यांनी जरूर बघावा. त्यात आनंदीबाई जोशी साडीत बसल्या आहेत, शेजारी जपानची केई ओकामी आणि सीरियाची सबात इस्लामबुली आपापल्या देशाच्या वेशात. रोजच्या कामाला साडी नेसायला कुणी सांगत नाही, पण खणाची बंडी लोकरी स्वेटरवर सहज बसते, इरकलीचा जुना पदर मफलर म्हणून गळ्यात राहतो, आणि थंडीत साडीखाली उबदार लेगिंग, वर उंच गळ्याचा स्वेटर ब्लाउजऐवजी चालतो.

शेवटचं काम: निगा

हाताने विणलेलं कापड थंड पाण्यात, वेगळं, सौम्य साबणाने धुवा. आधी आतल्या शिवणीवर ओला पांढरा रुमाल दाबून रंग जातो का ते बघा. रंग गेला तर दर वेळी एकटंच धुवा. पिळू नका, सावलीत उलटं वाळत घाला. जरीच्या साड्या जुन्या सुती धोतरात किंवा मलमलीत गुंडाळून ठेवा, दर दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून नवी घाला, नाहीतर घडीवरच जर तुटते. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका, ती काळवंडते. त्याऐवजी वाळलेला कडुनिंबाचा पाला फडक्यात बांधून कोपऱ्यात ठेवा. पावसाळा संपला की ऑक्टोबरमध्ये सगळं एकदा सावलीत हवेशीर पसरा, आणि त्याच दिवशी कपाटात ठेवताना पहिल्या पायरीतला कागद पुन्हा काढा. वर्षभरात काय सगळ्यात जास्त घातलं गेलं ते त्यावर लिहा. पुढच्या वर्षीचं कापड त्यावरूनच निवडता येईल.